बाप्तिस्म्याला आणलेला डबा उशिरा येतो



मे महिना मरियामातेचा. वाड्यावाड्यांत संध्याकाळी रोजरी होते आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी, 31 तारखेला, मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण येतो. आपल्याकडे लग्नंही याच दिवसांत जास्त. मिस्साच्या शेवटी फादर नवरा-नवरीची नावं वाचून दाखवतात, तीन रविवार. मग वर्ष-दीड वर्षात त्यांतल्या बऱ्याच घरांतून बाप्तिस्म्याचं आमंत्रण येतं आणि आपण काहीतरी हातात घेऊन जातो. ते काहीतरी बहुतेक वेळा डब्यात असतं: बाळासाठी दुधाची पावडर, नाहीतर बाळंतिणीसाठी चॉकलेटच्या चवीची शक्तिवर्धक पावडर. देणाऱ्याचं मन मोठं असतं, यात शंका नाही. बेळगावसारख्या गावात रोजंदारीवर घर चालवणारा माणूससुद्धा त्या डब्यासाठी शेकडो रुपये मोजतो.

तरीही आमचं मत स्पष्ट आहे. हा डबा उशिरा येतो, आणि पुष्कळदा जिथे नको तिथे जातो. आईला आणि बाळाला ज्या पूरक गोष्टी खरोखर लागतात त्या फार स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात तर फुकट आहेत. पण त्या ठरावीक वेळीच लागतात, आणि त्या घेताना कुणाची तरी सोबत लागते. वेळ कळणं आणि सोबत करणं ही दोन कामं धर्मग्रामाला जितकी जमतील तितकी दुसऱ्या कुणालाही जमणार नाहीत. म्हणून आई-बाळाचं पोषण ही आपली, चर्चची जबाबदारी आहे, असं आम्ही म्हणतो.

देवदूत आधी आला

शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात मानोहाच्या पत्नीची गोष्ट आहे. तिला मूलबाळ नव्हतं. देवदूत तिच्याकडे आला तेव्हा ती गरोदर नव्हती. तुला मुलगा होईल हे सांगताना त्याने त्याच दमात तिने काय प्यायचं नाही, काय खायचं नाही हेही सांगितलं. पुढे मानोहा प्रार्थना करतो की होणाऱ्या मुलाला आम्ही कसं वाढवावं ते शिकव. देवदूत पुन्हा येतो. मुलाला कसं वाढवायचं या प्रश्नाला उत्तर काय मिळतं? आईने तिच्या खाण्यापिण्याचं पथ्य सांभाळावं, हे. आणि या खेपेला ते नवऱ्याला सांगितलं जातं.

आजचं वैद्यकशास्त्र वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येऊन पोचलं आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते. तेवढ्यात पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ती नळी नीट बंद झाली नाही तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा डोक्याच्या हाडात कायमचं व्यंग राहतं. फॉलिक आम्ल हे एक साधं जीवनसत्त्व आधीपासून पोटात असेल तर हा धोका खूप कमी होतो. 1991 साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने प्रसिद्ध केलेल्या मोठ्या चाचणीत, आधीचं बाळ असं व्यंग घेऊन जन्मलेल्या आयांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतलं, तेव्हा पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. साधारणपणे दिवसाला 400 मायक्रोग्रॅम पुरतं. आधी असं बाळ झालेलं असेल तर डॉक्टर मोठा डोस देतात.

आता विचार करा. ही गोळी सुरू करण्याची वेळ कुणाला कळते? दवाखान्याला नाही, तिथे बाई दोन-अडीच महिने झाल्यावर जाते. आशाताईलाही नाही, तिला कळतं तेव्हा तो पहिला महिना उलटलेला असतो. ती वेळ कळते चर्चला. वेदीवरून नावं वाचली जातात, विवाहपूर्व शिबिराच्या वहीत नोंद होते, लग्नाची तारीख आपल्याला महिने महिने आधी ठाऊक असते.

म्हणून आमची पहिली मागणी शिबिराबद्दल आहे. त्यात प्रेम, क्षमा, प्रार्थना, घरखर्च यांवर व्याख्यानं होतात, ती व्हावीतच. सोबत अर्धा तास एखाद्या नर्स सिस्टरला किंवा डॉक्टरला द्यावा. मुलीचं हिमोग्लोबिन लग्नाआधी तपासावं, फॉलिक आम्लाची गोळी कधीपासून घ्यायची ते सांगावं. आणि हे मुलासमोर सांगावं, जसं मानोहासमोर सांगितलं गेलं. लग्नाआधी पोराबाळांची भाषा कशाला, असं काही थोर मंडळींना वाटेल. पण देवदूताने ती आधीच केली होती.

ताट आणि लाल गोळी

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण 67.1 टक्के होतं. याचा अर्थ, मिस्साला येणाऱ्या कुठल्याही दोन गरोदर मुलींपैकी एकीला जिना चढताना धाप लागत असणार. रक्त कमी असलेल्या आईला बाळंतपणातला रक्तस्राव झेपत नाही. तिचं बाळ लोहाची अपुरी शिदोरी घेऊन जन्माला येतं, आणि मेंदू वाढायच्या दिवसांत लोह कमी पडलं तर ती उणीव पुढे भरून काढणं कठीण असतं.

यावरचा उपाय म्हणजे सरकारी दवाखान्यातली लाल गोळी. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे 180 दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. पैसे पडत नाहीत. पण त्याच पाहणीत 180 दिवस किंवा त्याहून जास्त दिवस गोळ्या घेतलेल्या आया निघाल्या फक्त 26 टक्के. गोळी घरात असते, ती पोटात जात नाही.

का जात नाही, हे वाड्यांत फिरताना ऐकू येतं. गोळीने मळमळतं. शौच काळी होते म्हणून भीती वाटते. कुणी सांगतं मूल काळं होतं, कुणी म्हणतं पोटात मूल फार वाढतं आणि बाळंतपण अडतं. यातली शेवटची दोन्ही कारणं खोटी आहेत. शौच काळी होणं हे गोळीतल्या लोहामुळे असतं, त्यात बिघाड काही नाही. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहासोबत घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू-आवळ्याने उलट मदत होते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, कारण दोन्ही एकदम घेतल्या तर लोह कमी शोषलं जातं. एवढं सांगायला पदवी लागत नाही. मात्र ते एकदा सांगून भागत नाही. आठवड्याला कुणीतरी विचारावं लागतं, "बाई गं, घेतलीस का?" आणि रक्त फारच कमी असेल तर गोळीवर न थांबता तिला दवाखान्यात न्यावं लागतं, कारण तिथे इंजेक्शनचा किंवा रक्ताचा निर्णय डॉक्टर घेतात.

आमच्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. चंदगड, गडहिंग्लजकडून सून होऊन आलेल्या मुलीच्या हातात इथे जे कार्ड पडतं ते कानडीत असतं. तिला ते वाचता येत नाही आणि कुणाला विचारायची लाज वाटते. सातव्या महिन्यात ती माहेरी जाते. राज्य बदलतं, दवाखाना बदलतो, नोंदीचा धागा तुटतो, आणि बरोबर नेलेल्या गोळ्या संपल्या की तिथेच थांबतात. आपल्या चर्चमध्ये कानडी शाळेत शिकलेल्या किती मुली आहेत! त्यांतल्या एकीने शेजारच्या वहिनीचं कार्ड दर महिन्याला वाचून दाखवलं तर ती मोठी सेवा होईल. आणि माहेरच्या धर्मग्रामात एक फोन गेला, की अमुक लेक तुमच्याकडे येते आहे, तिच्या गोळ्या आणि तपासणी सुटू देऊ नका, तर तुटलेला धागा जुळेल.

आता ताटाबद्दल. कर्नाटकात 2 ऑक्टोबर 2017 पासून मातृपूर्ण योजनेखाली अंगणवाडीत गरोदर आणि बाळंतीण बाईला दुपारचं गरम जेवण मिळतं: भात, डाळ, भाजी, दूध, अंडं. हैदराबादच्या वाचकांना तेलंगणातली आरोग्यलक्ष्मी योजना माहीत असेल, तीही अशीच. पण आपल्या घरांतून तिथे जायला संकोच वाटतो. ते गरिबांसाठी आहे, चारचौघांत बसून काय जेवायचं, असं सासू म्हणते. मग हीच सासू सुनेसाठी महागडी पावडर आणते, आणि घरातलं जेवण वाढताना सून शेवटी बसते. जे उरेल ते तिचं. ही रीत आपल्या ख्रिस्ती घरांतही आहे. ज्या पावडरींना आपण औषधासारखं जपून वापरतो, त्यांतल्या कित्येकांत साखरच भरपूर असते. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. नाचणीची भाकरी, वरण, अंडं, मासळी, शेंगदाणे, पालेभाजी आणि तिने पहिल्या पंगतीला बसणं, हा आमच्या मते खरा पूरक आहार. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करायचे तर आनंदाने करा, पण ते गोळीच्या ऐवजी नव्हेत.

मरियामाता एलिझाबेथकडे गेली तेव्हा तिने काय नेलं हे संत लूकने लिहिलेलं नाही. ती डोंगराळ मुलखातून घाईघाईने गेली आणि तीन महिने राहिली, एवढं लिहिलं आहे. वयस्क गरोदर बाईच्या घरात तीन महिने राहणारी तरुण मुलगी काय करत असेल, हे बायकांना सांगावं लागत नाही. पाणी, चूल, दळण, आणि "दमलीस, बस जरा" असं म्हणणं. पवित्र शास्त्राने त्या भेटीत दिलेली वस्तू नोंदवलेली नाही, दिलेला काळ नोंदवला आहे.

सहा महिने फक्त आईचं दूध

बाळ जन्मल्यावर तासाभरात छातीशी लावावं, पहिलं चिकाचं दूध पिळून टाकू नये, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. (मध तर वर्षभर नकोच, त्यातून लहान बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते.) डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब किंवा औषध तेवढं द्यावं.

दुधाचा डबा नेमका या सहा महिन्यांत घरात शिरतो. उघडला नाही तरी फळीवर बसून तो नव्या आईला रोज सुनावतो की तुझं पुरत नाहीये. बाळ रडलं की आजीचा हात तिकडे जातो. एक बाटली बाहेरची दिली की तेवढं छातीशी ओढणं कमी होतं, आणि ओढणं कमी झालं की दूध कमी येतं. मग दूध खरंच पुरत नाही. भारतात 1992 चा कायदा आहे, त्यात 2003 मध्ये सुधारणाही झाली. या कायद्याने तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही, आणि असे पर्याय किंवा दुधाच्या बाटल्या अनाथालयाखेरीज इतर कुणाला दान किंवा वाटप करायलाही मनाई आहे. आपल्या दानपेटीतून किंवा मंडळाच्या वर्गणीतून असे डबे वाटायचे बेत निघतात तेव्हा हे लक्षात ठेवावं.

इथे कुणाच्या मनाला लागू नये म्हणून सांगतो. काही आयांना दूध येतच नाही, काही आजारी असतात, काही बाळं आईविना राहतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर डब्यातलं दूध द्यावं, स्वच्छ भांड्यात, उकळलेल्या पाण्यात, मोजून. त्यात लाज काहीच नाही आणि अशा घरावर कुणी बोट दाखवू नये. कामावर लवकर परतावं लागणाऱ्या बाईचा प्रश्न तर आणखी बिकट आहे. तिला उपदेश नको, दुपारी बाळाला तिच्यापर्यंत नेणारं माणूस हवं, किंवा तिने काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजणारं.

तिला खायला द्या, आणि तिच्याशी खेळा

याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला प्रभूने उठवलं, ते संत मार्कने पाचव्या अध्यायात सांगितलं आहे. आई-बाप आश्चर्याने थक्क झाले होते. प्रभूने त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: हे कुणाला कळू देऊ नका, आणि मुलीला खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाला, तरी जेवणाची आठवण प्रभूलाच करून द्यावी लागली. मेलेल्यांतून उठलेलं लेकरूही भुकेलं असतं. आपणही बाप्तिस्म्याच्या थाटामाटात असेच थक्क होतो, आणि सहा महिन्यांनी त्या बाळाच्या वाटीत काय आहे हे पाहायला कुणी जात नाही.

सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत मऊ, घट्टसर अन्न लागतं: तूप घातलेला वरणभात, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, अंडं, भाजी. वरणाचं नुसतं पाणी पोट भरतं, पण अंगी लागत नाही. लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर, नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर जीवनसत्त्व अ. हेही फुकट मिळतं. आणि तरी 2019–21 च्या पाहणीत सहा ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी मुलं होती फक्त 11.3 टक्के.

या वेळेचं मोल किती, ते दोन दूरच्या देशांतून कळलं आहे. ग्वाटेमालाच्या चार खेड्यांत 1969 ते 1977 या काळात, दोन गावांत मुलांना पौष्टिक पेज दिली आणि दोन गावांत साधं गोड पेय. ती मुलं मोठी झाल्यावर त्यांना पुन्हा शोधलं. पहिल्या दोन वर्षांत पौष्टिक पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरासरी 46 टक्क्यांनी जास्त निघाली. तीन वर्षांनंतर ती पेज मिळालेल्यांना तसा लाभ झाला नाही. तीच पेज, पण वेळ निघून गेलेली.

दुसरा देश जमैका. किंग्स्टन शहरात वाढ खुंटलेली 129 मुलं निवडली. काहींना दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर दिली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्यसेविका जाई, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेई, आणि मुलाशी कसं बोलावं, कसं खेळावं ते आईला दाखवी. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यांतलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. त्या काळात पावडरचाही फायदा दिसला आणि खेळाचाही. पुढे मुलं मोठी होत गेली तसा पावडरचा फायदा ओसरला, खेळाचा टिकला. वयाच्या बाविशीत पाहिलं तेव्हा ज्यांच्या घरी ती बाई खेळायला जात होती, त्यांची कमाई तशी भेट न मिळालेल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होती.

अन्न वेळेवर हवंच, हे ग्वाटेमाला सांगतं. नुसत्या डब्याने भागत नाही, माणूस हवं, हे जमैका सांगतं. आठवड्याला एक तास, घरातलीच चमचा-वाटी आणि कापडाची बाहुली घेऊन लेकराशी बोलणारं माणूस. धर्मग्रामात असं माणूस नाही असं कोण म्हणेल? निवृत्त शिक्षिका आहेत, रोजरीनंतर तासभर बसणाऱ्या आज्या आहेत, कॉलेजच्या मुली आहेत.

तर या भेटीच्या सणाला आपण एवढं ठरवू या. विवाहपूर्व शिबिरात आरोग्याचा अर्धा तास. प्रत्येक वाड्यात दोन बायका, ज्यांच्याकडे गरोदर आणि तान्ह्या आयांची यादी असेल आणि ज्या आठवड्याला एकदा दार ठोठावतील. त्यांनी औषध सुचवायचं नाही, ते काम डॉक्टरांचं आणि आशाताईंचं. त्यांनी विचारायचं, वाचून दाखवायचं, सोबत दवाखान्यात जायचं, आणि बाळाशी खेळायचं. आणि बाप्तिस्म्याला डब्याऐवजी बाळंतिणीसाठी आठवडाभराचं जेवण, अंडी, शेंगदाणे, नाचणीचं पीठ. गॉडमदर-गॉडफादर होणाऱ्यांनी सहाव्या महिन्याची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी पहिला घास भरवायला जावं.

प्रार्थना करू या: हे प्रभो, तू बेथलेहेमात आईच्या दुधावर वाढलास आणि नाझरेथच्या घरात खेळलास. आमच्या वाड्यांतल्या प्रत्येक आईच्या ताटात पुरेसं वाढलं जावं, आणि तिच्या दारात वेळेवर जाण्याची बुद्धी आम्हाला मिळावी. तुझ्या आईसारखं घाईघाईने निघायला आणि तिच्यासारखं थांबायला आम्हाला शिकव. आमेन.